शेपूट आत खोचलेली गाठ

आधी सगुणामावशीचं नाव घेते. बाकीचं मागून. बाकीचं सांगून झाल्यावर तिचं नाव घ्यायला मला तोंड उरेल का याची खात्री नाही, म्हणून आधी.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, लेकीला नाही. देवापुढं बसले तरी या गोष्टीच्या कडेकडेनं निघून जाते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही — मी करून बघितलंय.

सगुणामावशी म्हणजे गावची गिरणवाली. गाव महाड तालुक्यातलं, तुडीलच्या अलीकडचं, सावित्रीच्या काठाला. नाव कशाला सांगू? माझं ते नाहीच. माझं गाव हिंगोलीकडं, इथून एस्टीत बसलं तर दुसऱ्या दिवशी उतरतं माणूस. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली — घंटा होऊन सुटते तशी नाही, कायमची. पुढं लग्न. नवरा इकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं लागला म्हणून मी इकडं आले. मग ठेकेदार गुजरातेत गेला, त्याच्यामागं नवरा गेला. आधी फोन यायचे. मग येईनात. मी राहिले, कडेवर लेक राहिली, आणि घरमालक नानांच्या वाड्यामागची गळकी खोली राहिली. माहेरी परत जायला तोंड नव्हतं. का नव्हतं ते वेगळं आहे, ते आज नको.

गावात मला सगळे 'हिंगोलीवाली' म्हणायचे. वाईट हेतूनं नाही. पण रोज कुणी तुम्हाला तुमच्या गावाच्या नावानं हाक मारली की तुम्ही इथले नाही हे रोज कळतं ना?

पहिल्यांदा गिरणीत गेले ती वाडगाभर रेशनचे तांदूळ घेऊन. लेकीला भाकरी हवी होती. मावशीनं वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"येवढ्यासाठी चाक फिरवू? चाक हसंल माला." तिनं आपल्या डब्यातलं पीठ काढून माझ्या वाडग्यात ओतलं आणि माझे तांदूळ पुडीत बांधून परत दिले. "आईबापानं नाव काय ठेवलंय?"

"संगीता."

"मग तेच ऱ्हाऊ दे. हिंगोली लई लांब हाय गो, येवढं लांबचं नाव माला नाय घेता येत."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडायचं तर भायेर रड. पीठ भिजतं."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडं कामाला लागले. मी काम मागितलंही नव्हतं. माझ्या घरचे कोण, कुठल्या देवाचे, हे या गावात सगळ्यांनी मला विचारलं. तिनं विचारलं नाही. ती बौद्धवाडीतली, माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नवऱ्यामागं गिरण तिनंच चालवली. गावातल्या काही घरांचं दळण सुरुवातीला तिच्याकडं येत नव्हतं, महाडला जायचं. मग कधीतरी पुरात रस्ता तुटला आणि भूक लागली, तेव्हा यायला लागलं. हे ती हसत सांगायची.

गिरण म्हणजे काय, हे मला तिनं शिकवलं. मोटर, मोटरीवरून पट्टा, पट्ट्यावर मोठं चाक. पट्ट्याची एक बाजू तंग असते, एक सैल. तंग बाजू ओढते, सैल बाजू नुसती मागं येते. पण सैल बाजू तोडून टाकलीत तर तंग बाजू काय ओढणार? असं ती बोलायची, पीठ चाळता चाळता. आणि तिचा एक नियम होता — बटण बंद झालं तरी चाकाला हात लावायचा नाही.

"बटण बंद केलंस तरी चाकाला बातमी उशिरा कळते गो. ते आपल्या गुर्मीत फिरतंच. हात घालशील तर जाईल."

आणि चाकाजवळ सुटं काही ठेवायचं नाही. पदर नाही, वेणी नाही, दोरीचं टोक नाही. तिथंच ती गाठ आली.

पोत्याची तोंडं बांधायची मावशीची एक गाठ होती. गाठी दोन, हे तुम्हालाही ठाऊक असेल. सुरगाठ आणि निरगाठ. सुरगाठ ओढली की सुटते. निरगाठ ओढली की आवळते — जितकी ओढाल तितकी. पोत्याला निरगाठ. पण मावशी तिला दोन वेढे द्यायची आणि उरलेलं शेपूट वेढ्याच्या आत खोचून टाकायची, म्हणजे लोंबणारं टोक पट्ट्यात जायला नको. ही गाठ गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. लांबून पोतं बघून लोक सांगायचे, हे गिरणीवरचं. माझ्या बोटांना ती बसायला बरेच दिवस लागले. बसली तेव्हा मावशीनं पोतं उचलून आपटून बघितलं आणि म्हणाली, "आता तू माझी झालीस."

हे मी का सांगत बसलेय? कारण पुढं जायचं नाही मला. पण जाते.

शाळेत खिचडी शिजवायचं काम मला मावशीमुळंच मिळालं. तिनं बाईंना सांगितलं — बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, साताऱ्याकडच्या, वयानं माझ्याएवढ्याच. बाईंनी शाळेच्या समितीपुढं नाव ठेवलं आणि समितीतल्या नानांनी 'हां' म्हटलं. सकाळी शाळा, दुपारी गिरण, असं माझं चाललं. लेक अंगणवाडीत. पोट भरत होतं. मी झोपेत सुद्धा दचकायचे, की हे सगळं कुणीतरी एका शब्दात काढून घेईल. खरंच काढून घेऊ शकत होतं. ज्याच्या हातात काम त्याच्याच हातात खोली — दोन्ही नानांच्या.

नाना वाईट नव्हते. हे लिहिताना मला कुणी चिमटा काढत नाही, मी मनानं लिहितेय. गावातलं मोठं घर त्यांचं, शेती मोठी. मी एकटी पडले तेव्हा त्यांनी खोली सोड म्हटलं नाही. लेक तापली तर आपल्या गाडीनं महाडला नेलं होतं. त्यांचे वडील पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन करायचे, मग नाना करायला लागले. तसा काही ठराव नव्हता. तसंच चाललेलं.

त्या वर्षी बाईंनी ते बदललं. आधीच्या पावसाळ्यात शाळेचा पंप जळाला होता, पोरं नदीवरून पाणी आणायची, तेव्हा मावशीनं आपली जादाची मोटर शाळेला दिली, स्वतः उभी राहून बसवून घेतली. बाई सभेत म्हणाल्या, यंदा झेंडा सगुणामावशींच्या हातून. कुणी नको म्हटलं नाही. नानाही हसून म्हणाले, चांगलं हाय की.

ती बातमी गिरणीत आली तेव्हा मी तिथंच होते. पार्वतीकाकी नाचणी घेऊन आली होती, गावातली, जिभेची तिखट. ती म्हणाली, "काय सगुणा, आता तू झेंडा उघडणार म्हणं. नवं लुगडं घे बाय."

मावशी म्हणाली, "देश स्वतंत्र झाला तवापासून झेंडा सगळ्यांचाच हाय काकी. दोरी तेवढी नानांच्या घरची होती."

पार्वतीकाकी हसली आणि नानांचं घर ज्या बाजूला आहे तिकडं एकदा बघून घेतलं.

"हसू नको," मावशी म्हणाली. "चाकासारखंच हाय हे. वर बटण दाबलं त्याची बातमी आमच्या वाडीला उशिरा आली. आधी रस्ता आला, मग दिवा, मग नळ. हप्त्याहप्त्यानं स्वतंत्र होतोय आम्ही. आता दोरी आली."

काकी गेल्यावर मावशीनं मला विचारलं, हळू, कधी नव्हे ती लाजल्यासारखी, "झेंड्याच्या मधोमध चाक हाय ते बघितलंस का? गिरणवाल्यांचं हाय ते." आणि आपल्याच बोलण्याला हसली. तिच्या भुवयांवर पीठ होतं. मला तिचा तो चेहरा रोज दिसतो.

शाळेचा शिपाई रजेवर गेला होता. बाई म्हणाल्या, संगीताताई, तुमच्या गाठी चांगल्या असतात, झेंडा तुम्हीच बांधा. झेंडा कसा बांधतात हे सांगते, कारण यावरच सगळं आहे. घडी घालतात, आत फुलं ठेवतात, गुंडाळतात, दोरीच्याच वेढ्यानं बांधतात आणि कप्पीवरून ओढून वर चढवून ठेवतात. पाहुण्यानं खालून दोरीला झटका दिला की वेढा निसटतो, झेंडा उघडतो, फुलं पडतात. म्हणजे ती गाठ सुरगाठच हवी. हे पहिलीतल्या पोरालाही कळेल.

चौदा तारखेला दिवेलागणीला नाना माझ्या खोलीशी आले. आत आले नाहीत, ते कधीच यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर छत्री घेऊन उभे राहिले.

"उद्या झेंडा तू बांधणार हायस म्हणं."

"हो नाना."

"जरा पक्की बांध हां. वाऱ्याचं काय सांगता येत नाय." मग वर बघितलं. कोपऱ्यात पातेलं लावलेलं होतं, त्यात टपटप चालू होती. "लईच गळतंय गो हे. कौलं बदलून घेऊ पुढल्या महिन्यात."

एवढंच. गेले.

आता मी तुम्हाला विचारते — त्यांनी काय सांगितलं? वारा असतो, गाठ पक्की हवी, यात काय चुकलं? कौलं गळतात, बदलायला हवीत, यात काय चुकलं? त्यांना तेच म्हणायचं असेल जे ते म्हणाले. मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की त्यांच्या मनात दुसरं काही होतं. पण मला कळलं. किंवा मला वाटलं की मला कळलं. आणि नुसतं वाटणं पुरलं मला. कुणी मला धमकी दिली नाही, कुणी हात पिरगाळला नाही. मी आपणहून समजून घेतलं.

सकाळी बाईंनी झेंड्याची घडी घातली, पोरींनी आणलेली तेरड्याची फुलं आत ठेवली, गुंडाळून माझ्या हातात दिला आणि त्या पोरांच्या रांगा लावायला गेल्या. मी खांबाशी एकटी. बारीक पाऊस होता.

मी एक वेढा दिला. मग दुसरा दिला. ओढून आवळलं. आणि उरलेलं शेपूट आत खोचलं.

हे मी केलं. माझ्या हातांनी केलं, आणि हातांना सवय होती म्हणून आपोआप झालं असं म्हणायला मला फार आवडेल. रात्ररात्र म्हणून बघितलंय. पण दुसरा वेढा देताना मी थांबले होते. इकडंतिकडं बघितलं होतं. सवयीनं गाठ मारणारं माणूस इकडंतिकडं बघतं का?

आणि झेंडा वर चढवून ठेवला. कप्पी करकरली. लाल-गुलाबी फुलं बांधलेलं ते छोटं गाठोडं वर जाऊन बसलं.

मावशी आली ती निळं लुगडं नेसून. वाडीतली सगळी आली होती, इस्त्रीचे कपडे घालून, म्हातारीकोतारीसुद्धा, आणि अंगणाच्या एका कडेला एकत्र उभी होती. गावातले दुसऱ्या कडेला. मधे पोरं. बाईंनी मावशीचं नाव पुकारलं. मावशी चप्पल काढून खांबाशी गेली, नमस्कार केला, दोरी हातात घेतली आणि झटका दिला.

काही झालं नाही.

तिनं दुसरा दिला. गाठोडं वर हललं आणि तसंच राहिलं. बाईंचा हात राष्ट्रगीतासाठी वर गेलेला. पोरांची तोंडं पहिल्या अक्षरासाठी उघडलेली, तशीच. मावशीनं दोन्ही हातांनी ओढलं. मला खालून गाठ दिसत नव्हती, पण मला ती कळत होती — आवळत चाललेली. मावशी जितका जोर लावत होती तितकी माझी गाठ तिच्या जोरावर घट्ट होत होती. तिचीच ताकद तिच्याविरुद्ध लागत होती. मग कप्पीवरून दोरी सटकली आणि बाजूच्या फटीत अडकून बसली. आता ते वरही जाईना, खालीही येईना.

मला वाटलं होतं थोडंसं अडेल, कुणीतरी हसेल, नाना पुढं होतील आणि संपेल. एवढ्या शांततेची मी कल्पना केली नव्हती. एवढी माणसं, एवढी पोरं, आणि नुसता पावसाचा आवाज. माझ्या कानात चाक बंद झाल्यावर घुमतं तसं घुमायला लागलं. हे मी केलंय, हे मला तेव्हा कळलं. करताना कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण बातमी आता पोचली.

मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं, "गिरण ओढणं येगळं, झेंडा ओढणं येगळं."

दुसरं कुणी हसलं. वाडीतला एक म्हातारा, टोपी काढून हातात धरलेली, तो खाली जमिनीकडं बघायला लागला. त्याच्या बाजूची बाई बघायला लागली. मग सगळीच. रांगेतून वीज गेल्यासारख्या माना खाली गेल्या. ज्या माणसांनी काही केलं नव्हतं ती खाली बघत होती आणि मी समोर बघत होते.

शेवटी दोघातिघांनी बुडाचा बोल्ट काढून खांब आडवा केला. झेंडा भुईला लागू नये म्हणून बाईंनी पुढं पळत जाऊन गाठोडं दोन्ही हातांवर झेललं. आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "संगीताताई, गाठ कशी बांधली होती?"

ही वेळ होती. आजही स्वप्नात मी इथवर येते आणि वेगळं उत्तर देते.

"सुरगाठच बांधली होती बाई," मी म्हणाले. "पाऊस हाय ना. दोरी भिजलीय."

तोवर मावशीनं गाठोडं बाईंकडून घेतलं होतं आणि तिची बोटं गाठीवर होती. गाठ बघायला तिला डोळे लागत नाहीत. मी बघितलं — बोटं फिरली, दोन वेढे मोजले, आणि आत खोचलेल्या शेपटावर येऊन थांबली.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी जगले असते नीट. आपण बटण दाबलं आणि चाक फिरलंच नाही, तर माणूस जसं बघतं ना, काय चुकलं म्हणून — तसं. मग तिची नजर माझ्यावरून नानांकडं गेली, आणि परत माझ्यावर आली. तेवढ्यात तिनं काय काय वाचलं असेल? खोली वाचली असेल. खिचडीचं पातेलं वाचलं असेल. लेक माझ्या पदराला धरून उभी होती, तीही.

"हां बाई," मावशी म्हणाली. "दोरी भिजली की सुरगाठ पण आवळते."

असं होत नसतं. सुरगाठ भिजली तरी सुटते, जरा जोर लागतो एवढंच. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं माझं खोटं आपल्या तोंडात घेतलं.

मग तिनं ती गाठ नखानं आणि दातानं सोडवली. फुलं चेपून गेली होती, काही तिच्या लुगड्याला चिकटली, बाकीची चिखलात पडली. तिनं झेंडा पुन्हा गुंडाळला, स्वतः सुरगाठ मारली, दोरी कप्पीच्या खाचेत बसवली. खांब उभा राहिला. बाई म्हणाल्या, ओढा मावशी. मावशीनं दोरी हातात घेतली, आणि नानांपुढं धरली.

"घ्या नाना. पोरं भिजतायत. तुमचा हात लागू दे."

नाना क्षणभर घोटाळले. खोटं नाही सांगत, घोटाळले. मग पुढं आले, एका झटक्यात झेंडा उघडला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, टाळ्या झाल्या.

गावानं काय बघितलं? सगुणाच्या हातात अडला, नानांच्या हातात सुटला. फरक गाठीचा होता, हाताचा नाही — हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक बोलणार नव्हतं आणि दुसऱ्यानं बोलायला हवं होतं.

दुपारी मी गिरणीत गेले. जायचं नव्हतं, पण न जाणं म्हणजे कबूल करणं, म्हणून गेले. बघा, तेव्हाही माझा हिशेब चालूच होता. मावशी रोजचंच लुगडं नेसून दळत होती. मी पोती बांधायला बसले. तिसरं पोतं बांधून झाल्यावर मी म्हणाले, "पाऊस लई होता मावशी."

तिनं चाळणी थांबवली नाही. "हां," म्हणाली. "पाऊस होता."

त्यानंतर त्या गोष्टीवर आमच्यात एक शब्द नाही. माझं काम तसंच राहिलं. लेक आजारी पडली की तीच उशाशी बसली. सणाला माझ्या घरी तिचं ताट आलं. तिनं माझ्यावरची माया जरा कमी केली असती तर मला सोसलं असतं. कमी केली नाही तिनं.

पुढल्या महिन्यात नानांनी कौलं बदलली. आता गळत नाही. मी त्याच छपराखाली झोपते.

पुढल्या वर्षी झेंड्यासाठी मावशीचं नाव कुणी काढलं नाही. बाईंची बदली झाली. वाडीतल्या दुसऱ्या कुणाचंही नाव निघालं नाही. उगाच विषाची परीक्षा नको, असं सभेत म्हणाले म्हणे. मावशी त्यानंतर पंधरा ऑगस्टला शाळेत आली नाही. विचारलं तर म्हणायची, दळण हाय. त्या दिवशी कुणाचं दळण असतं?

मग मी आत्ता का सांगतेय, इतक्या वर्षांनी?

माझी लेक आता पाचवीत आहे. परवा शाळेतून आली, दप्तराची चेन अडकली होती. ओढत होती, ओढत होती, आणि वैतागून म्हणाली, "आई, सगुणाचा हात लागला."

मी म्हटलं, काय म्हणालीस?

"असं म्हणतात गं. काही अडकलं की. सायकलची साखळी अडकली, नळ अडकला की सगळी पोरं म्हणतात, सगुणाचा हात लागला." आणि चेन माझ्यापुढं धरली. "काढ ना."

सगुणा कोण, हे तिला माहीत नाही. ती मावशीला गिरणआजी म्हणते. तिच्याच मांडीवर ती वाढली. आणि तिच्या तोंडातून ते असं आलं, सहज, पोरं भातुकलीत बोलतात तसं. मी चेन हातात घेतली आणि मला ती काढता येईना. बोटंच चालेनात. ज्या बोटांनी ती गाठ मारली ती. एवढ्याशा एका वेढ्याचं पुढं हे झालं? मी एक सकाळ अडवली होती. मला वाटलं होतं, फार तर एक सकाळ. आणि गावाच्या भाषेत एक शब्द होऊन ती फिरते आहे. बटण कधीच बंद झालंय, मी केव्हाच हात काढून घेतलाय, आणि चाक फिरतंच आहे. माझ्या पोटच्या पोरीपर्यंत येऊन पोचलंय.

मी लेकीला काही सांगितलं नाही. चेन कशीबशी काढून दिली.

मावशीला आता कमी ऐकू येतं. गिरणीच्या आवाजानं कान गेले. मोटर चालू असताना तिच्या कानाशी जाऊन सगळं बोलून टाकलं तर तिला अर्धंही कळणार नाही, आणि माझं मात्र सांगून होईल. हा विचार माझ्या मनात आला, हेही लिहिते. मोटर चालू होती, मी दोन पावलं पुढं गेलेही. मग माझी मलाच लाज वाटली.

मला माफी नको आहे. तिच्याकडून नाही, तुमच्याकडूनही नाही. नवरा गेला होता, खोली गळत होती, लेक लहान होती — हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशानंही गाठ मारली नाही. मी मारली.

मावशी, तू हे वाचणार नाहीस, तुला बारीक अक्षर दिसत नाही. तरी तुला सांगते. तुझं मी देणं लागते आणि ते मी फेडीन. कधी, ते सांगायची छाती आज नाही. पण त्याच खांबाशी, पंधरा ऑगस्टलाच, नाना असतील, वाडी असेल, पोरं रांगेत असतील, माझी लेकही असेल — तेव्हा मी पुढं येईन, दोरी हातात घेईन, दोन वेढे देईन, शेपूट आत खोचीन आणि सगळ्यांना दाखवीन, की ही गाठ. ही मी बांधली होती. मग ती सगळ्यांपुढं दातानं सोडवीन, तू सोडवलीस तशी. आणि सुरगाठ मारून दोरी तुझ्या हातात देईन.